गोष्ट स्तर

जगातली कुठलीही गोष्ट एकदा आधी आणि एकदा नंतर मोजली की ती आपोआप सुधारते, असं मानणाऱ्या माणसांत माझ्या थोरल्या नणंदेचा नंबर पहिला लागेल, आणि तो नंबर त्या स्वतःच काढतील. ताई दिघ्याच्या शाळेत तिसरीला शिकवतात. सगळी नोकरी तिसरीवर काढली. चौथी दिली की रजेवर जातात. वर्षाच्या सुरुवातीला राज्याची पायाभूत चाचणी घ्यायची, शेवटी संकलित घ्यायची आणि मधल्या काळात मूल किती पुढं सरकलं ते वर कळवायचं, हे त्यांचं काम. अडचण एवढीच, की जुईनगरला घरी आल्यावरही त्या ते थांबवत नाहीत.

लग्न होऊन मी आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या आमटीची पायाभूत चाचणी घेतली. शेरा मिळाला, "प्रयत्न करते." शाळेच्या भाषेत ही शिवी आहे, हे मला दिवाळीला कळलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टबद्दल नोटीस लावली, तर ताईंनी खाली लाल पेनानं लिहिलं, 'आशय स्पष्ट नाही. पुन्हा लिहा.' त्या बिचाऱ्यानं पुन्हा लिहिली. वाचन चाचणीतल्या पायऱ्या तर त्यांनी सगळ्या नातेवाइकांना लावल्यात: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा आणि सगळ्यात वर गोष्ट. माझे यजमान, म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ, शब्द स्तरावर. "काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणतो. दोन शब्द. पुढं सरकतच नाही." यात मला काही खोडून काढता आलं नाही. गोष्ट स्तर घरात फक्त सासूबाईंना होता. त्यांच्या बोलण्यात साताऱ्याकडची एखादी म्हैस सकाळी सुटायची, ती सगळ्या भावकीत फिरून संध्याकाळी दावणीला यायची.

चाचणीचा एक नियम मात्र ताई सोवळ्यासारखा पाळतात. समोरचा अडला तर सांगायचं नाही. पहिल्या हळदीकुंकवाला मी उखाण्यात अडले, तेव्हा सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. कुणी ओठ हलवला की ताई म्हणायच्या, "सांगायचं नाही. तिचं तिला येऊ दे." तो उखाणा मला अजून आलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी, येईल किंवा नाही येणार. ताईंनी हे उत्तर अपूर्ण धरलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की त्या चित्रांची कार्डं घेऊन आईच्या खाटेशी बसायला लागल्या. "हे काय आहे?" सासूबाई गाईकडं बघायच्या, मग लेकीकडं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ताई कार्ड तसंच धरून ठेवायच्या. मला इतका राग यायचा! "अहो ताई, गाय म्हणून सांगून टाका ना," मी म्हणायचे. "सांगितलं तर किती आलंय ते कळणार कसं?" एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि नळ सोडून भांडी घासायच्या. भांडी मी आधीच घासलेली असायची. नाक लाल करून बाहेर यायच्या आणि पुढचं कार्ड काढायच्या.

गणपतीत 'ग' आला. दिवाळीला 'चहा' आला, आणि मग 'चहा गार'. क्रियापद नव्हतं, पण ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा सवलत देऊन वाक्य स्तर जाहीर केला आणि शाळेत पेढे वाटले.

मग एका रविवारी सासूबाई आपण होऊन बोलायला लागल्या. "ही... तिसरीत... नापास." मी लाटणं हातात घेऊनच बाहेर आले. ताई मान खाली घालून बसल्या होत्या. "लय रडली. मी म्हटलं... नापास नाय. हिला... हिला..." शब्द अडला. नियमाप्रमाणे ताई थांबल्या. सासूबाईंचा हात चादरीवर काहीतरी शोधत फिरत राहिला. "हिला..."

"बाई," ताई म्हणाल्या. "हिला बाई आवडल्या."

"बाई आवडल्या. म्हणून राहिली... तिसरीत." आणि सासूबाई अर्ध्या तोंडानं हसल्या.

मी विचारलं, "ताई, गोष्ट स्तर ना आता?"

त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "नाही. मी सांगितलं मधे. चाचणी रद्द. उद्या परत घ्यायची."

त्याला महिने झाले. सासूबाई आता त्या शब्दाला अडतही नाहीत. तरी रोज गोष्ट तिथवर आली की ताई घाईघाईनं "बाई" म्हणून टाकतात, आणि चाचणी उद्यावर जाते.