थोरलीची पाळी

आमच्या ह्यांना पारनेरात सगळे गोरख मिस्त्री म्हणत. पोटापाण्याला रेडिओ दुरुस्त करायचे, पण जीव सगळा मागच्या खोलीत. भिंतींना गोणपाटं, दाराला गोधडी, आत दोन टेपरेकॉर्डर. हा ह्यांचा स्टुडिओ! उन्हाळ्यात आत बसलं की माणूस उकडून निघायचं, पण ह्यांना त्याचं काय? आवाज स्वच्छ आला की झालं.

दुष्काळाच्या त्या साली पुण्याच्या एका मंडळानं ह्यांच्याकडे जात्यावरच्या ओव्या मागितल्या. गावात ओव्या म्हणाव्यात त्या चांगुणाबाई आणि मनकर्णाबाई या जावांनीच. एक ओवी थोरलीची, पुढची धाकटीची, असं जन्मभर चाललेलं. पण धाकट्या मनकर्णाबाई कोल्हारकडं ऊसतोडीला गेल्या होत्या, म्हणून चांगुणाबाई एकट्याच आल्या. एक ओवी म्हणायच्या आणि पुढच्या ओवीपुरतं मुकाट दळायच्या. ह्यांनी विचारलं, "मावशी, थांबता कशाला?" तर म्हणाल्या, "मनकर्नाची पाळी हाय न्हवं."

त्याच थंडीत चांगुणाबाई तापानं गेल्या. मनकर्णाबाई परतल्या तेव्हा तेरावंही उरकलं होतं. त्या तशाच आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. "गोरखा, तिच्या आवाजासंगं मला म्हनू दे. माझ्या पाळ्या ऱ्हायल्यात. दोघींचं एकदा संगं ऐकलं की मी मोकळी." मला तर भडभडून आलं.

थोरलीचा आवाज ऐकत गायचं म्हणजे कानावर हेडफोन हवेत, आणि त्यातून आवाज गळला तर माइक तोही पकडणार. हे नगरला हेडफोन बघायला निघाले, मलाही नेलं. कशाला? तर माझं डोकं हवं होतं! माझ्या कानावर एकेक चढवायचा, आवाज मोठा करायचा आणि आपण माझ्या गालाशी कान लावून बघायचं, गळतोय का. भर दुकानात! मी लाजेनं मेले. स्पंजाचे गळायचे. प्लास्टिकचे ह्यांनी वाकवून बघितले तर कटकन मोडले आणि दुकानदार अंगावर धावून आला. शेवटी भंगारात रणगाड्यातल्या शिपायांचे हेडफोन सापडले. लोखंडी पट्टी, जाड रबरी वाट्या. ह्यांनी ते फरशीवर आपटून बघितले तरी टवका उडाला नाही. कानावर घातले की बाहेरचं काही ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई जात्याशी बसल्या. रिकामं जातं फिरवू नये, म्हणून मी बाजरी टाकली. थोरली बोलणार म्हणून त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, त्यावर हेडफोन चढवले. पाळी आली की ओवी म्हणत गेल्या. काय गळा लागला हो! मी दाराशी उभी राहून रडत होते.

ह्यांनी टेप लावली आणि कपाळाला हात मारला. पदरामुळं वाट्या कानाला बसल्याच नव्हत्या. मागं चांगुणाबाई बारीक ऐकू येत होत्या, शेजारच्या घरात दळत असल्यासारख्या. मी म्हटलं, "अहो, असू द्या की!" ऐकतील तर शपथ. "मावशी, पदर खाली घ्या."

"थोरलीम्होरं?"

त्यांनी एकदा मशीनकडं बघून घेतलं. मग त्यांनी पदर उतरवला. पहिलं पुसून त्याच टेपवर पुन्हा गाणं घेतलं.

या खेपेला कणभर गळलं नाही. ह्यांनी खुशीत बाईंना टेप ऐकवली. थोरलीच्या पाळीला नुसती जात्याची घरघर.

"चांगुना कुठं गेली?"

"मावशी, त्यांची टेप वेगळी हाय. पुण्यात दोन्ही जोडतील."

"आत्ता माझ्या कानाशी हुती की रं."

ह्यांनी घाईघाईनं चांगुणाबाईंची टेप दुसऱ्या मशीनवर लावली, दोन्ही एकदम सुरू केल्या. वेग जुळेना. धाकटीची ओवी पुरी व्हायच्या आत थोरलीची तिच्यावर चढायची.

मनकर्णाबाई पांढऱ्याफटक पडल्या. "जन्मात कदी तिनं माझी ओवी तोडली न्हाई," म्हणाल्या. "मी पदर काढला, म्हनून रागावली."

आम्ही दोघांनी परोपरीनं सांगितलं, यंत्राचा दोष आहे म्हणून. त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला, मशीनसमोर भुईला हात लावला, "चुकलं बाई माझं," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

पुण्याहून जोडलेली टेप आली तेव्हा मनकर्णाबाईही राहिल्या नव्हत्या. टेप अगदी स्वच्छ होती. एकीची ओवी संपायची, मग दुसरीची सुरू व्हायची, आणि हे भिंतीकडं तोंड करून लहान पोरासारखे रडत होते.