फर्नेस ऑइल आणि अप्पा

डांबराच्या प्लांटवर माणसं कमी आणि किस्से जास्त. अहमदपूरच्या अलीकडे माळावर आमचा प्लांट, मी तिथला सुपरवायझर. मोबाईलला रेंज नाही, शेजार नाही. मग एकच किस्सा दहादा सांगायचा, ऐकणारेही तेच! त्यातले बहुतेक आमच्या अप्पांचे. अप्पा बर्नर ऑपरेटर, मूळचे उदगीरचे. बायको वारली, मुलगा हैदराबादला, घराला कुलूप.

*

नवे इंजिनिअर आले. खडी तापवायला आम्ही जाळतो ते काळं, दाट फर्नेस ऑइल बघून त्यांनी नाक मुरडलं. "हा काय चिखल?"

अप्पा म्हणाले, "सायेब, रिफायनरीत कच्चं तेल तापवलं की गॅस उडून जातोय. मग पेट्रोल गेलं, रॉकेल गेलं, डिझेल गेलं. समदे गेल्यावर बुडाला राहतंय ते हे."

"म्हणजे गाळच की!"

"जाळून बघा. मागं राहिलेल्यात लई आग असती!"

*

थंडीत हे तेल टँकरमधून उतरत नाही, आधी तापवावं लागतं. एक ड्रायव्हर भलताच घाईत होता. दर दहा मिनिटांनी, "झालं का?"

"न्हाई अजून. बसा," अप्पा म्हणायचे.

तोवर भाकरी झाली, ठेचा झाला, ड्रायव्हरच्या तिन्ही पोरींची नावं विचारून झाली. मी सहज जाऊन बघितलं, तर हीटर बंद!

"अप्पा!"

"हळू बोला की. जेवू द्या त्याला."

*

सणाला सगळे घरी जायचे, अप्पा मात्र प्लांटवर. "टाकीतलं तेल गार पडलं तर पाईप जाम होतेत. कुणीतरी पायजे." आम्ही वर्षानुवर्षं उपकार मानले.

मग एक मेकॅनिक आला. म्हणाला, टाकीचा हीटर आपोआप चालू-बंद होतो, माणूस लागतच नाही! अप्पांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "मशीनचा काय भरोसा!"

मला हसू आलं, मग त्यांच्या घराचं कुलूप आठवलं. मालकांना कुणीच काही सांगितलं नाही.

*

यंदा दिवाळीच्या तोंडावर मालकांनी बर्नर गॅसवर केला. तापवणं नाही, राखण नाही. टाकी रिकामी करून धुतली. सगळे पिशव्या भरत होते आणि अप्पा नुसते टाकीभोवती फिरत होते. मला बघवेना.

"अप्पा, चला आमच्याकडं, भोकरला."

"तिथं माझं काय काम, सायेब?"

मी म्हटलं, "आईला बंब पेटवणं होत नाही." साफ खोटं!

"मग येतो की," म्हणाले आणि पिशवी घेऊन आले.

नरक चतुर्दशीला पहाटेच अप्पांनी बंब पेटवला. आई, मी, बायको, पोरं, शेजारची दोघं, सगळ्यांना कढत पाणी. शेवटी त्यांचीही अंघोळ झाली. अंगणात ऊन आलं तरी अप्पा बंबापाशीच.

आई म्हणाली, "अप्पा, समद्यांच्या अंघोळी झाल्या. आता विझू द्या की."

अप्पांनी आणखी एक लाकूड सारलं.

"राहू द्या, आक्का. एखादा मागाहून येईल बी."