बोटभर उंच मोजे

माझ्या पोरीचा विक्रम मी शिवलेल्या मोज्यांनी घालवला. हे कुणाला सांगितलं की आधी हसतात, मग माझं तोंड बघून विषय बदलतात.

मी सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीनवर बसते, त्याला वीस वर्षं झाली. शर्ट, चड्ड्या, पिनोफ्रॉक, कुठकुठल्या शाळांचे कपडे ह्या हाताखालून गेले त्याची गणतीच नाही. पहिल्या दिवशी तिथल्या कापड बेतणाऱ्या मास्तरांनी एकच गोष्ट सांगितली होती. "कापड आटतं आन् पोर वाढतं. मापावर बोटभर सोडल्याबिगर कातरी लावायची न्हाय." ते इतकं अंगवळणी पडलं की आता माझा हात मापावर थांबतच नाही. नवऱ्याच्या उशीचा अभ्रासुद्धा मी बोटभर मोठा शिवते. उशी काय वाढणार आहे का?

पोरगी सायकलवाली निघाली. तिच्या शर्यतीत एकेकाला सोडतात, रस्त्यावर सोबतीला कुणी नसतं, नुसतं घड्याळ. अठरा वर्षांखालच्या मुलींचा राज्याचा विक्रम तिच्या अगदी हाताशी आलेला. तो मोडला तर देशाच्या शिबिरासाठी नाव पाठवणार, असं तिला शिकवणारे सर म्हणाले होते. आणि ही शेवटची शर्यत. पुढच्या महिन्यात अठरा पुरी झाली की मोठ्या बायकांचा गट, आणि तिथल्या वेळा ऐकूनच मला घाम फुटतो.

एका दुपारी ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "मम्मी, जोरात चालवायला लागलं की सगळी ताकद वारा खातो. पायाला खाचाखाचांचं कापड असलं की वारा जरा सटकतो. दोन-चार सेकंद वाचतात."

"मोजे घालून वारा सटकतो व्हय? उद्या म्हणशील, टिकली लावली की चढ कमी होतो."

पण ती हसली नाही. बाहेरून येणाऱ्या तसल्या मोज्यांची किंमत तिनं सांगितली तेव्हा माझी मस्करी संपली. त्या किमतीत घरात सगळ्यांना दिवाळीचे कपडे होतात. मग मला आठवलं, कारखान्यात खेळाच्या कपड्यांची ऑर्डर झाली होती, त्यातला उभ्या खाचांचा एक तुकडा उरलेला. मॅनेजरना विचारून घरी आणला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचं शिवलं, आता माझ्या पोरीचं शिवते म्हणून मला लई आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

नियम तिनं वाचून दाखवला होता. मोजा किती उंच चालतो, तर घोट्याचं हाड आणि गुडघ्याखालचं हाड, ह्यांच्या बरोबर मध्यापर्यंत. त्याच्या वर गेला तर चालत नाही. मला गंमतच वाटली. सायकलीचं समजू शकते, सीट किती मागं, हँडल किती पुढं, त्याला नियम असेल. पण मोज्याला? ती म्हणाली, "नाहीतर लोक कमरेपर्यंत मोजे घालतील की." मी टेप लावून दोन्ही हाडं मोजली, मध्य काढला, कापडावर खडूची रेघ मारली. आणि कातरी चालवली ती रेघेच्या वरनं, बोटभर सोडून. मुद्दाम नाही. मला कळलंसुद्धा नाही. ते कापड धुतलं तरी आटत नाही, हे मला मशीनवर बसणाऱ्या बाईला सांगायला नको, पण हाताला कुठं अक्कल असते. शिवून झाल्यावर देवापुढं ठेवले, हळदकुंकवाचं बोट लावलं, शर्यतीच्या दिवशी सकाळी तिनं पायात चढवले आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

शर्यत होटगीच्या बाजूच्या रस्त्यावर होती, सकाळची. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सुटायच्या आधी पंचांनी तिची सायकल एका चौकटीत उभी करून मापली. सायकल सरांनी कुणाची तरी मागून आणलेली, म्हणून माझा जीव वरखाली. पास झाली. मी म्हटलं, सुटलो. मग पोरगी वाकली, डोकं खाली घातलं आणि गेली. परत आली तेव्हा तिच्या तोंडाला फेस होता आणि सर घड्याळ हातात धरून नाचत होते. विक्रम मोडला होता. दोन-चार सेकंदांनी नव्हे, चांगला मोडला होता. मी बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या ह्या बाजूला उभी राहून रडले.

विक्रम झाला की पंच सगळं परत तपासतात, हे मला माहीत नव्हतं. तिला खुर्चीवर बसवलं, पाय सरळ करायला लावला, घोट्यापासून टेप धरला. टेप परत धरला. मग दुसऱ्या पंचाला बोलावलं. मला लांबूनसुद्धा कळलं. माप चुकलं की टेप धरणाऱ्याचा होतो तो चेहरा मी ओळखते, रोज बघते.

मी दोरीखालून आत गेले. "साहेब, ते मी शिवलंय. चूक माझी हाय. पोरीचं काय न्हाय त्यात."

पंच वयस्क होते, भले होते. म्हणाले, "ताई, चूक कुणाची ते आम्ही विचारत नाही. मोजा उंच आहे, एवढंच लिहितो."

"मग काढायला लावा की. आत्ता परत सायकल पळवू दे तिला, उघड्या पायानं."

"तसं करता येत नाही."

"बोटभर कापडानं असा काय वारा सटकला हो? खरं सांगा."

त्यांनी खरं सांगितलं. "काहीच नाही, ताई." आणि तिच्या वेळेवर आडवी रेघ मारली. भांडायला समोर माणूस तरी वाईट पाहिजे. सर बाजूला तोंड करून उभे होते. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथं कर्म माझं आणि नेलं तिचं.

रस्त्याकडेच्या लिंबाखाली ती मोजे काढत बसली होती. मी जवळ बसले. म्हटलं, "शिव्या दे मला. काहीतरी बोल."

मोज्याची कड उलटीसुलटी करत ती म्हणाली, "मला सकाळीच दिसलं होतं. उंच होते. मी वरची कड आत दुमडली होती. सायकल पळवताना उलगडली असंल."

"अगं मग सांगायचं न्हाय का?"

"तू एवढ्या हौसेनं शिवलेलं. देवापुढं ठेवलेलं. काप म्हणून कसं सांगू?"

कारखान्यात मी दिवसभर तेच तर करते. बाही उसव, कॉलर उसव, माप चुकलं, परत कर, असं तपासणीवरची कालची पोरं येऊन मला सांगतात आणि मी हूं की चूं न करता उसवते. परक्यांना माझी भीड वाटली नाही, आणि माझ्याच पोरीला वाटली. सकाळी मी तिच्या शेजारीच उभी होते. दोन मिनिटांचं काम होतं. माझ्या पिशवीत कातरी कायम असते, हे तिला ठाऊक होतं.