मामाने नाकारलेलं रिव्हॉल्व्हर

माझा मामा पोलिसांच्या शस्त्रागारात मिस्त्री होता. गोळ्यांच्या आवाजाने त्याचा डावा कान कायमचा गेला होता. "बायकोकडे बहिरा कान करून झोपतो, म्हणून संसार टिकला," असं तो सांगायचा आणि मामी लाटणं उगारायची.

पण हाताने त्याला सगळं ऐकू यायचं. रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढायचा, गोळ्यांचं चक्र फिरताना डोळे मिटायचे. चक्र बरोबर नळीसमोर येऊन खिट्टी खाचेत बसली पाहिजे. खाच झिजली की चक्र केसभर आधीच थांबतं. मग गोळी नळीच्या काठावर आपटते आणि तिचं शिसं बाजूला उडतं.

असं एक रिव्हॉल्व्हर त्याने नाकारलं. साहेब म्हणाले, "शंभरदा झाडून झालंय ते. आज माणसं जास्त आहेत, हत्यारं कमी. दे."

मामाने ते दिलं, तेही माझ्या बाबांच्या हातात. बाबा हवालदार होते. "भावोजी, गरज पडली तरच," एवढंच तो म्हणाला.

दुपारी कोर्टाच्या फाटकात तिघांनी बाबा आणत असलेल्या कैद्यावर सुरे चालवले. कैदी बाबांच्या पायाशी कोसळला, गळा उघडा. बाबांनी पहिली गोळी झाडली, एक जण पडला. दुसऱ्या गोळीला आगीसकट शिसं बाजूला फुटलं आणि शेजारच्या शिपायाचा डोळा फोडून गेलं. तो तोंड धरून किंचाळत सुटला. तिसऱ्यांदा चाप ओढला तर चक्र अर्ध्यावरच अडलं. तेवढ्यात दुसऱ्याचा सुरा खाली आला. बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं पायरीवर पडली.

मग बाबांनी त्याच लोखंडाने त्या माणसाचं डोकं ठेचलं. तो हलायचा थांबला तरी ठेचत राहिले. तिसरा पळाला. बाबांचा हात धरून दूर करायला चार जण लागले.

शस्त्रागारातच झालेल्या चौकशीत साहेब म्हणाले, "मिस्त्रीने हत्यार नीट पाहिलं नव्हतं."

मामा उठला, पुराव्याचं ते रिव्हॉल्व्हर उचलून त्यात गोळी भरली, ते खोलीतल्या लोखंडी शिकंज्यात आवळलं, समोर वाळूचं पोतं टेकवलं. साहेबांची टोपी टेबलावरून घेऊन चक्राशेजारी ठेवली. कुणी "अरे!" म्हणेपर्यंत दोरीने चाप ओढला.

टोपीच्या चिंध्या झाल्या. साहेब टेबलाखाली.

"झिजलेलं होतं, मी सांगितलं होतं," मामा म्हणाला. "पण दिलं मीच. माझा गुन्हा तेवढा लिहा."

साहेबांची बदली झाली. मामाची नोकरी गेली. तो शिलाई मशीन दुरुस्त करू लागला.

आई चार महिने त्याच्याशी बोलली नाही. "सख्ख्या भावाने नवऱ्याच्या हाती मरण दिलं," म्हणायची. शेवटी बाबांनीच तिला त्याच्या दारात नेलं. मामा खाली मान घालून उभा राहिला. आईने त्याच्या थोबाडीत मारली, जोरात, आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली.

बाबा उरलेल्या तीन बोटांनी त्याची पाठ थोपटत म्हणाले, "दार लाव रे, लोक बघतायत."