वाळ्याच्या ताटीमागचा पंखा

अकोल्याच्या कापसाच्या जिनात राबणाऱ्या श्रावण तेलगोट्यांची लेक शालू अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचं संशोधन करत होती, ही १९६४ साली काही लहान गोष्ट नव्हती. पण ज्यांनी तिची पाठ थोपटायची, त्यांनीच तिच्या वाटेत काटे पेरले, याला काय म्हणावं?

तिचं काम असं. ब्रोमीन आणि नायट्रो गट असलेला एक पिवळा पदार्थ ती बनवी आणि त्याच्यापासून पाच अणूंचं कडं जुळवी. त्यातले तीन अणू नायट्रोजनचे. कडं जुळलं की पांढरे स्फटिक मिळत, त्यांचा काही त्रास नसे. पण तो पिवळा पदार्थ महाखट! बाटलीचं बूच काढलं की डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होई. म्हणून हे काम काचेच्या पेटीत करायचं आणि पेटीतला धूर पंख्यानं बाहेर काढायचा, हा साधा नियम.

पेटी होती. पंखा कुठे होता? विभागप्रमुख खुशालरावांच्या खोलीत! पेटीसाठी मंजूर होऊन आलेला पंखा 'उन्हाळ्यापुरता' म्हणून त्यांनी आपल्या खिडकीत बसवून घेतला. बाहेर व्हरांड्याच्या बाजूनं वाळ्याची ताटी लावली. शिपाई नत्थुजी दिवसभर तिच्यावर पाणी मारी आणि आत साहेबांना गार वारा लागे. तो उन्हाळा काही संपलाच नाही.

इकडे शालूचे डोळे सुजून लाल झाले. डॉक्टरांनी बजावलं, हा धूर थांबला नाही तर डावा डोळा जाईल. पण शिष्यवृत्ती जूनमध्ये संपत होती आणि प्रबंधातलं शेवटचं कडं अजून जुळायचं होतं. ती खुशालरावांकडे गेली.

"सर, या महिन्यापुरता तरी पंखा पेटीले लावून द्या. डोळा जाईन माहा."

"शिष्यवृत्ती भेटते, सवलती भेटतात. आता पंखाबी पायजे तुमाले?" गार वाऱ्यात बसून खुशालराव म्हणाले. "इतकंच सोसत नसन त व्हरांड्यात बसून कर. तिथं मोकळी हवा हाये."

'तुमाले' म्हणजे कोणाले, हे विचारायची तिला गरज नव्हती. बौद्ध होऊन आठ वर्षं झाली होती, पण खुशालराव तिचा जुना गावकुसाबाहेरचा पत्ता विसरायला तयार नव्हते. संताप येतो तो याचाच.

ती व्हरांड्यात बसली. भर दुपारी तिनं बाटली उघडली. हवा मोकळी होती खरी, पण ती जात कुठे होती? ताटीतून पंख्याकडे आणि पंख्यातून थेट साहेबांच्या टेबलाकडे. थोड्याच वेळात खुशालराव डोळे चोळत, खोकत बाहेर धावले.

"कोन मिरच्या जाळून राहिलं रे?"

"मिरच्या नाई साहेब, शालूबाईचं रसायन हाये," नत्थुजी म्हणाला. "तुमीच त इथं बसाले सांगतलं तिले."

"मुद्दाम केलं हिनं! लेखी माफी दे, नाई त काम बंद!"

शालूनं पदरानं डोळे टिपले. "माफी कायची, सर? पंखा धूर वढून राहिला. त्याच्यासाठीच त तो आणला होता. तुमाले घटकाभर सोसला नाई. मी वर्षभर खाऊन राहिली."

माफी तिनं दिली नाही. ओल्या वाळ्यात तो धूर असा मुरला, की खुशालरावांना खोलीत बसवेना. दुसऱ्याच दिवशी पंखा निमूटपणे पेटीवर चढला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, इथे डोळ्यांत तिखट जावं लागलं. शालूचं कडं जुळलं, डॉक्टरेट मिळाली आणि ती अकोल्याला शिकवू लागली.

खुशालरावांचे डोळे त्याच संध्याकाळी निवळले. वर्षभर खाल्लेल्या धुरानं शालूचा डावा डोळा मात्र कायमचा गेला. फळ्यावर कडं काढताना ती मान वळवून उजव्या डोळ्यानं बघे. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगे, "पेटीचा पंखा सुरू नसन त बाटलीले हात लावू नका. आन् पंखाच दिसला नाई, त पयले साहेबाच्या खोलीत पाहून या."