दोन सेकंदांची ओळ

मला नेटकं लिहिता येतं, याचा मला भारी अभिमान होता. आमच्या दूध संघाच्या सोलापूरच्या कार्यालयात डेटाबेसचा सर्व्हर मी सांभाळतो. त्याच्यावर नजर कशी ठेवायची, कुठली सेटिंग किती असावी, याची पुस्तिकाही माझीच. तिच्यात एक ओळ होती : दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणारं प्रत्येक काम लॉगमध्ये नोंदलं जातं.

मागच्या वर्षी वरून तपासणी येणार होती. लॉगमध्ये रोज ढीगभर नोंदी, पडद्यावर लाल रेघा. मुळापासून दुरुस्ती करायला आठवडा तरी गेला असता. मी सेटिंगमध्ये दोन सेकंदांचे तीस केले; तिसाच्या आतलं काम लॉगमध्ये यायचंच बंद झालं आणि रेघा गेल्या. साहेबांनी पाठ थोपटली, मीही निर्लज्जपणे थोपटून घेतली. तपासणीनंतर आकडा परत आणायचं राहून गेलं. राहून कसलं गेलं, मी टाळलं. पुस्तिकेत मात्र दोनच राहिले.

पुढे रोजची देखरेख एका मॅडमकडे आली. घरी तेलुगू, कार्यालयात मराठी आणि दोन्हीकडे बोलणं मोजकं. माझी पुस्तिका त्यांनी शब्दन् शब्द वाचली होती. ती वाचणारं आमच्याकडे दुसरं कोणी नव्हतं.

एका सकाळी वेळापूरच्या संकलन केंद्रावरून त्यांना फोन आला. स्पीकर चालू होता. "म्याडम, एकेका कॅनची नोंद व्हायला लई वेळ लागतोय. हितं रांग लागलीय, दूध उन्हात हाय की."

मॅडमनी लॉग उघडला. रिकामा. पुस्तिकेतल्या त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी खात्री केली आणि म्हणाल्या, "सर्व्हर व्यवस्थित आहे. तुमचं नेट बघून घ्या."

मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. मला त्याच क्षणी तो आकडा आठवला. एकेक नोंद दहा-बारा सेकंद खात असणार, म्हणजे तिसाच्या आतच. मी उठलो आणि चहा प्यायला खाली गेलो.

चार दिवस केंद्र तेच सांगत राहिलं आणि मॅडम तेच उत्तर देत राहिल्या. पाचव्या दिवशी तिथलं दूध नासलं. बैठकीत साहेबांनी मॅडमना विचारलं, "लॉग बघत नव्हता का?"

"रोज बघत होते सर. रिकामा असायचा."

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "तपासून सांगतो." जागेवर आलो आणि कोणाला न सांगता तिसाचे पुन्हा दोन केले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर लॉग उघडला, तर तो नोंदींनी भरलेला. सगळ्या नोंदी आदल्या दुपारनंतरच्या होत्या, पण साहेबांनी वेळ वाचली नाही. मॅडमचा चेहरा उतरला. "मी भलतीच फाइल बघत होते वाटतं," त्या स्वतःच म्हणाल्या. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसलो. त्यांच्याकडून देखरेख काढून घेतली आणि त्यांना सभासदांचे अर्ज भरायला बसवलं.

मग साहेबांनी मला पुस्तिका सुधारायला सांगितली. मी जीव ओतला. प्रत्येक सेटिंग कशासाठी, बदलली तर काय होतं, सगळं लिहिलं. 'कोणी बदलली' असा रकाना केला, थोडा वेळ बघत बसलो आणि काढून टाकला. लॉगची फाइल नेमकी कोणती, याचं चित्रासकट एक पानही घातलं. त्या पानाची काही गरज नव्हती. मॅडमची फाइल कधीच चुकली नव्हती. ते लिहिताना माझीच मला शिसारी आली, तरी लिहिलं. नव्या पेठेतून स्पायरल बाइंडिंग करून आणलं.

एक प्रत मॅडमनी मागून नेली. दोन दिवसांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या. नेमकं तेच पान उघडून म्हणाल्या, "फार चांगलं लिहिलंय सर. हे आधी असतं तर माझ्या हातून ती चूक झाली नसती."

"असू द्या मॅडम," मी म्हणालो, "नका एवढं मनाला लावून घेऊ." म्हणजे मी त्यांना माफ केलं.