आधी म्हणून दाखवा

औषधाच्या दुकानात तोंडी परीक्षा देऊन, पास होऊन, मगच खोकल्याचं औषध मिळवलेली माणसं साऱ्या देशात फक्त जयपूरच्या विद्याधर नगरात सापडतील. परीक्षक म्हणजे आमचे शेजारी, औषधवाले काका. मूळचे अकोल्याचे. रेल्वेच्या दवाखान्यात फार्मासिस्ट म्हणून जन्म काढला, जयपुरातच निवृत्त झाले आणि तिथेच दुकान थाटलं. बँकेच्या बदलीवर मी आईला घेऊन त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं, तेव्हा त्यांचा परीक्षक म्हणून दरारा चांगलाच पसरलेला होता.

गोळीचं नाव, तिची ताकद आणि ती कधी घ्यायची हे काका एकदा सांगणार आणि गिऱ्हाइकानं ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. चुकलं की गोळ्या परत काउंटरखाली. "बोलो, कब लेनी है?" या प्रश्नातून कुणाचीच सुटका नव्हती. एकदा औषध निरीक्षक तपासणीला आले. त्यांनी रजिस्टर चाळलं, फ्रिज उघडून पाहिला, पण कुठे बोट ठेवायला जागा मिळेना. जाता जाता त्यांनी स्वतःच्या पित्तासाठी गोळ्या मागितल्या आणि फसले. "साहब, पहले बोलिए," काका म्हणाले. साहेबांनी सकाळ-संध्याकाळचा घोळ घातला. दुसऱ्या खेपेला पास झाले तेव्हा कुठे त्यांची जीप हलली.

दुसरं खूळ लायसन्सचं. फार्मासिस्ट हजर नसेल तर औषध विकायचं नाही, हा नियम बाकीच्यांनी फ्रेम करून भिंतीवर टांगला होता, काका तो पाळत होते. पाच मिनिटं बाहेर गेले तरी शटर खाली. शेजारच्या सलूनमध्ये दाढीला बसलेले असताना गिऱ्हाईक आलं, तर एका गालावर फेस तसाच ठेवून यायचे, शटर उघडायचे, औषध द्यायचे, अर्थात परीक्षा घेऊनच, आणि उरलेला गाल घेऊन परत जायचे. सी-स्कीम या श्रीमंत वस्तीतल्या एका बड्या दुकानदारानं त्यांना गळ घातली होती, "काकाजी, आप घर पे आराम करो, बस सर्टिफिकेट हमारी दीवार पे टाँग दो." काका त्या दिवशी रागानं दुपारी जेवले नाहीत. "मी भिंतीवर लटकून राहीन, आन् गोळी कोन देईन?" हे त्यांनी मला चारदा विचारलं. शेवटी आईच्या हातचं पिठलं पोटात गेल्यावर ते निवळले.

मग लायसन्सच्या नूतनीकरणाचं वर्ष आलं. काकांनी अर्ज भरला, नवा फोटो काढून चिकटवला, तो मला दोनदा दाखवला. त्याच आठवड्यात मी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो. सवयीनं मोठ्यानं म्हणायला लागलो आणि अडखळलो.

"काका, चिठ्ठीत पंचवीस आहे. स्ट्रिपवर पन्नास."

काकांनी चष्मा पुसला, स्ट्रिप उजेडात धरली, पुन्हा चष्मा पुसला. "बरोबर सांगून राहिला तू," एवढंच म्हणाले आणि योग्य गोळ्या मलाच फळीवरून शोधून घ्यायला लावल्या. अर्ज गेलाच नाही. मी खूप समजावलं, डोळे तपासून घेऊ म्हटलं. त्यांनी तेही केलं, पण डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. "ज्याला वाचता येत नाही त्यानं देऊ नये," काका म्हणाले. बस्सीहून रोज बसनं येणाऱ्या एका नव्या फार्मासिस्ट मुलीला त्यांनी दुकान दिलं. तिनं स्वतःच्या नावाचं लायसन्स काढलं. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा अभिमानही वाटला.

माझी बदली झाली तेव्हा निघण्याआधी मी दुकानात गेलो. काका काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला उभे होते.

"बोलिए काकाजी, कब लेनी है?" मुलीनं विचारलं.

"सुबह, खाली पेट."

"नहीं काकाजी. रात को, खाने के बाद." तिनं गोळ्या काउंटरखाली ठेवल्या. "फिर से बोलिए."

काकांनी पुन्हा म्हटलं, बरोबर म्हटलं आणि गोळ्या मिळाल्या. बाहेर आल्यावर ते माझ्या कानाशी आले. "मुद्दाम चुकलो. पोरीची परीक्षा घेऊन राहिलो होतो."

"पास झाली, काका," मी म्हटलं.

त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही पायरी उतरलो. घर येईपर्यंत ते हळूच पुटपुटत होते, "रात को, खाने के बाद. रात को, खाने के बाद."